जमिनीखालच्या भट्टीचा हिशेब

कच्च्या तेलाचा भाव भडकला की एक वाक्य हमखास परत येते: अमेरिकेच्या कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंग या तीन राज्यांच्या पोटात सौदी अरेबियाच्या तिप्पट तेल पडून आहे. वर्तमानपत्रांतल्या स्तंभांपासून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांपर्यंत ते फिरते आणि लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, डोंगर न फोडता, नुसते विजेवर खडक तापवून हे तेल वर काढण्याचे तंत्र केव्हाच सिद्ध झाले आहे. पर्यावरणवाद्यांनी आणि सरकारी नियमांनी ते अडवले म्हणून जग अजून आखातावर अवलंबून आहे. दुसरा तट म्हणतो, हे सगळे थोतांड. जेवढी ऊर्जा मिळते त्याहून जास्त ती मिळवण्यात जळते. मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात, कारण वरवर कितीही भांडल्या तरी दोघी एकच गोष्ट गृहीत धरून चालतात. तेल तिथे आहे आणि प्रश्न फक्त ते काढायचे की नाही एवढाच आहे, असे दोघींनाही वाटते. तिथे तेल नाही. तिथे तेलाचा कच्चा माल आहे. जमिनीखाली खडक तापवणे हे खाणकाम नसून कारखानदारी आहे, आणि कारखान्याला ज्या कसोट्या लावतात त्याच इथेही लावल्या पाहिजेत: इंधन किती लागते, पाणी किती लागते, पहिला माल हाती यायला किती वर्षे जातात आणि कारखाना बंद पडल्यावर मागचे कोण निस्तरतो. या कसोट्यांवर ही भट्टी आजवर उतरलेली नाही. तोवर तिला सार्वजनिक पैसा, सार्वजनिक पाणी आणि सार्वजनिक जमीन देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संशोधन जरूर व्हावे, पण ते करणाऱ्याने स्वतःच्या खिशातून करावे.

आधी खडकाबद्दल. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात प्रचंड तळी होती. शेवाळ आणि इतर सूक्ष्म जीव मरून तळाच्या गाळात साचत गेले आणि त्या गाळाचा खडक झाला. या ग्रीन रिव्हर खडकस्तरात जो सेंद्रिय पदार्थ अडकून राहिला त्याला केरोजेन म्हणतात, आणि केरोजेन असलेल्या अशा खडकाला ऑइल शेल. केरोजेन घन असतो. तो वाहत नाही, पंपाने ओढता येत नाही. हाच खडक आणखी खोल गाडला गेला असता तर पृथ्वीच्या उष्णतेने लक्षावधी वर्षांत त्याचे तेल झाले असते. तो तेवढा खोल गेला नाही, म्हणून ते काम अपुरे राहिले. टेक्सास किंवा नॉर्थ डाकोटातून फ्रॅकिंग करून जे तेल निघते त्याची गोष्ट अगदी वेगळी आहे. तिथे निसर्गाने तेल करून ठेवले आहे, ते फक्त घट्ट खडकात कोंडलेले असते. खडकाला तडे दिले की ते बाहेर येते. कोलोरॅडोतल्या ऑइल शेलला कितीही तडे द्या, थेंबभरही तेल येणार नाही. निसर्गाने जे केले नाही ते आपल्याला करावे लागते, आणि त्याची किंमत आपल्याच खिशातून जाते.

मग ‘सौदीच्या तिप्पट’ आले कुठून? रँड या संशोधन संस्थेने २००५ मध्ये एक अहवाल काढला. त्यात ग्रीन रिव्हर खडकातून मिळवता येण्याजोग्या तेलाचा अंदाज ५० हजार कोटी ते १ लाख १० हजार कोटी पिंपे असा दिला होता, आणि मधला आकडा धरून सौदीच्या साठ्याशी तुलना केली होती. पुढे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने खडकात एकूण किती तेलाचा माल आहे हे मोजले. तो आकडा ४ लाख कोटी पिंपांच्या वर गेला. पण त्यातले किती काढता येईल याचा अंदाज आपण केलेलाच नाही, हेही त्या खात्याने स्वच्छ सांगितले होते. सार्वजनिक चर्चेत आकडा राहिला आणि अट गळून पडली. शिवारात उभ्या असलेल्या भाताला कोणी ताटातला भात म्हणून मोजत नाही. इथे मात्र साठा मोजताना मधली सगळी मेहनत शून्य धरली जाते, आणि या एका चुकीवर सबंध वाद उभा आहे.

आता तंत्राच्या बाजूने जे खरे आहे ते मोकळेपणाने मान्य करतो. पहिली गोष्ट, हे तंत्र चालते. त्याला थोतांड म्हणणाऱ्यांनी स्वीडनचा इतिहास पाहावा. दुसऱ्या महायुद्धात समुद्रमार्ग तुटल्यावर त्या तटस्थ देशाला तेल मिळेना. तेव्हा क्वार्नटॉर्प इथे सरकारी पुढाकाराने ऑइल शेलचा प्रकल्प उभा राहिला, आणि तिथेच फ्रेड्रिक ल्युंगस्ट्रॉम या अभियंत्याने जमिनीत भोके पाडून, त्यांत विजेचे तापक सोडून, खडक जागच्या जागी तापवण्याची पद्धत प्रत्यक्षात आणली. वीज होती जलविद्युत. तेल निघाले, वर्षानुवर्षे निघाले. पुढे रॉयल डच शेल या कंपनीने १९८० च्या दशकापासून कोलोरॅडोच्या पिसीयान्स खोऱ्यात हीच कल्पना आधुनिक साधनांनी पुढे नेली. भोकांत सोडलेले विद्युत तापक खडकाला दोन ते चार वर्षे हळूहळू तापवतात. तापमान ३४० ते ३७० अंश सेल्सियसपर्यंत गेले की केरोजेन फुटून हलके तेल आणि वायू तयार होतात आणि ते नेहमीच्या विहिरींतून वर घेतले जातात. २००० नंतरच्या दशकातल्या मेहॉगनी प्रयोगात तीस फूट बाय चाळीस फूट एवढ्याच जागेतून सुमारे १,७०० पिंपे हलके तेल मिळाले, आणि त्याची प्रत भूपृष्ठावरच्या भट्टीत भाजून काढलेल्या तेलापेक्षा पुष्कळ चांगली होती. हे अभियांत्रिकीतले मोठे यश आहे, यात शंका नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि पर्यावरणाची बाजू घेणारे ती सहसा बोलत नाहीत. ऑइल शेल खणून वर आणला, भट्टीत भाजला की मागे राहते ती राख आणि भाजका खडक. त्याचे काय करायचे? स्कॉटलंडच्या वेस्ट लोदियन भागात हा उद्योग १९६२ मध्ये संपला, पण भाजलेल्या खडकाचे तांबूस डोंगर आजही तिथल्या क्षितिजावर उभे आहेत. एस्टोनियात तर या खडकावर देशाची वीज चालली, आणि ईशान्येकडच्या गावांच्या कडेला राखेच्या टेकड्या झाल्या. क्वार्नटॉर्पमध्येही खणून भाजण्याचे काम होतेच. तिथला टाकाऊ खडकाचा ढीग सुमारे शंभर मीटर उंच आहे आणि १९६६ मध्ये प्रकल्प बंद झाला तरी तो अजून आतून तापलेला आहे. जमिनीखालीच तापवले तर हे डोंगर होत नाहीत, सुरुंग नकोत, धूळ नको. खाणीशी तुलना केली तर ही पद्धत निश्चितच बरी. पण खाण वाईट होती म्हणून भट्टी योग्य ठरते का? तुलना कशाशी करायची हे आपणच निवडत असतो, आणि या वादात ती नेहमी सर्वांत वाईट पर्यायाशी केली जाते.

मुख्य हिशेब उष्णतेचा आहे, म्हणून तो आकड्यांत मांडतो. रँडच्या त्याच अहवालात, ज्यातला तिप्पट सौदीचा आकडा सगळ्यांना पाठ आहे, आणखी एक आकडा आहे आणि तो मात्र कोणी सांगत नाही. या पद्धतीने रोज एक लाख पिंपे तेल काढायचे तर सुमारे १,२०० मेगावॅटचे वीजकेंद्र केवळ त्याच कामाला जुंपावे लागेल. म्हणजे दिवसाला २ कोटी ८८ लाख युनिट, अर्थात एका पिंपामागे २८८ युनिट. आपल्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. रोज दहा लाख पिंपे हवी असतील तर अशी चार केंद्रे, एक क्षणही न थांबता, खडक तापवत बसतील. अमेरिकेची रोजची गरज दोन कोटी पिंपांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले की दहा लाख पिंपांचे मोल कळते.

एका पिंपात उष्णतेच्या रूपात सुमारे १,७०० युनिट ऊर्जा असते. २८८ युनिट वीज कोळशावर करायची तर केंद्राची कार्यक्षमता ३५ टक्के धरली तरी ८२० युनिटांच्या घरात कोळसा जाळावा लागतो. याचा अर्थ, जेवढी मिळते त्याहून जास्त जळते हा दुसऱ्या तटाचा दावा चूक आहे. दोन मिळवायला साधारण एक खर्च होते. शिवाय निघणाऱ्या मालात ऊर्जेच्या हिशेबाने जवळजवळ एक तृतीयांश वायू असतो, आणि तो जाळून प्रकल्पाची वीज बरीचशी भागवता येईल, हा समर्थकांचा मुद्दाही रास्त आहे. पण मग तो वायू विकता येत नाही, आणि त्याचा धूर तेलाच्या खात्यावर चढतो. संशोधक ॲडम ब्रँट यांनी २००८ मध्ये नेमक्या याच पद्धतीचा अभ्यास केला. खडक तापवण्यापासून गाडीत इंधन जळेपर्यंत धरले तर नेहमीच्या तेलापेक्षा २१ ते ४७ टक्के जास्त हरितगृह वायू बाहेर पडतात, असे त्यांनी दाखवले. तोटा नाही, पण फायदाही किती पातळ! चांगल्या तेलविहिरीत एक एकक ऊर्जा घालून दहा, वीस मिळत आली आहेत. ज्या समाजाला आपली शेती, कारखाने, इस्पितळे त्या वरकड ऊर्जेवर चालवायची आहेत त्याला एकाचे दोन पुरत नाहीत.

यावर अलीकडे एक नवे उत्तर पुढे येते, आणि ते सर्वांत तगडे आहे. कोळसा कशाला, दुपारी सौर वीज पडेल भावाने मिळते, रात्री वारा फुकट वाहतो. ती वरकड वीज तापकांना द्या. खडक एकदा तापला की उष्णता धरून ठेवतो, मध्ये चार तास वीज गेली तरी बिघडत नाही. कल्पना हुशारीची आहे. पण तेच २८८ युनिट सरळ विजेवर चालणाऱ्या मोटारीत घातले तर? युनिटला सहा किलोमीटर धरले तरी ती मोटार १,७०० किलोमीटर जाईल. उलट एका पिंपात १५९ लिटर द्रव असतो. शुद्धीकरणातली घट वजा जाता १३५ लिटर इंधन हाती येते असे धरले आणि लिटरला पंधरा किलोमीटर धरले, तर गाडी सुमारे दोन हजार किलोमीटर जाते. मधल्या तीनशे किलोमीटरांसाठी आपण काय काय करतो आहोत? शेकडो विहिरी, त्यांतले तापक, वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, पंप, शुद्धीकरण, टँकर. विमाने विजेवर उडत नाहीत, प्लास्टिक आणि औषधांना पेट्रोरसायने लागतात, हे मान्य. पण तेलाचा मोठा वाटा रस्त्यावर जळतो. तो जसजसा विजेकडे वळेल तसे उरलेल्या कामांना आजची तेलक्षेत्रे कितीतरी काळ पुरतील. उत्तम वीज जाळून मध्यम तेल करायचे, याला मी तरी प्रगती म्हणू शकत नाही.

राजकारणाने अडवले, या आरोपाकडे आता येतो. अमेरिकी सरकारने २०१३ मध्ये ऑइल शेलसाठी खुल्या ठेवलेल्या संघीय जमिनीचे क्षेत्र बरेच कमी केले, हे खरे आहे. पण शेल कंपनीचा मेहॉगनी प्रयोग कंपनीच्या स्वतःच्या जमिनीवर चालला होता. २००५ मध्ये अमेरिकी संसदेने ऊर्जा कायद्यात या उद्योगासाठी खास तरतूद केली होती, आणि सरकारने संशोधनासाठी जमिनीचे भाडेपट्टेही दिले होते. शेवरॉन या तेल कंपनीने आपला पट्टा २०१२ मध्ये सोडला. शेलने सप्टेंबर २०१३ मध्ये कोलोरॅडोतले हे काम थांबवले, आणि कारण दिले ते जगात इतरत्र असलेल्या संधींकडे लक्ष देण्याचे. त्या वर्षी कच्च्या तेलाचा भाव पिंपाला शंभर डॉलरच्या वर होता. याच कंपनीचा सुरुवातीचा अंदाज होता की तेलाचा भाव तीस डॉलरच्या आत असला तरी हे तंत्र परवडेल. तीस डॉलरला परवडणारी वस्तू शंभर डॉलरच्या बाजारात कोणता व्यापारी टाकून जातो? तीस वर्षे संशोधन करणारी, जगातल्या सर्वांत धनाढ्य आणि तंत्रकुशल कंपन्यांपैकी एक असलेली संस्था निघून जाते, तेव्हा तिने केलेला हिशेब कोणत्याही आंदोलकाच्या फलकापेक्षा बोलका असतो.

‘फ्रॅकिंगलाही लोक असेच हसले होते.’ हे वाक्य या वादात ऐकावे लागतेच. त्यात तथ्य आहे. जॉर्ज मिचेल यांची कंपनी टेक्सासच्या बार्नेट शेल या खडकस्तरात सुमारे दोन दशके चिकाटीने प्रयोग करत राहिली, त्याआधी आणि त्या काळात सरकारी संशोधनाचा आणि करसवलतीचा हात होता, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वस्तात तडे देण्याची रीत सापडली. मग इथे धीर का धरायचा नाही? कारण शिकण्याचा वेग. फ्रॅकिंगची विहीर खणल्यापासून काही आठवड्यांत कळते की चूक झाली की बरोबर. चुकली तर पुढची वेगळ्या रीतीने खणायची. अशा हजारो विहिरींतून हजारो धडे मिळाले म्हणून खर्च उतरला. तापवलेल्या खडकाचा एक धडा मिळायला तीन-चार वर्षे जातात, आणि तोवर भांडवल आणि वीज दोन्ही जमिनीत ओतत राहावे लागते. दहा वर्षांत फ्रॅकिंगवाला शेकडो वेळा सुधारतो, भट्टीवाला तीनदा. या मधल्या काळात तेलाचा भाव दोनदा कोसळलेला असतो. तंत्राचा स्वभावच असा असेल तर नुसत्या धीराने ते स्वस्त होत नाही.

आणि हे सगळे त्या खोऱ्याने आधी पाहिलेले आहे. १९६९ मध्ये पिसीयान्सच्या कुशीत, रुलिसन इथे, अमेरिकी अणुऊर्जा आयोगाने एका खासगी कंपनीच्या साथीने नैसर्गिक वायू मोकळा करण्यासाठी जमिनीखाली सुमारे चाळीस किलोटनांचा अणुस्फोट केला. वायू मोकळा झाला, पण तो किरणोत्सारी होता आणि कधीच विकला गेला नाही. १९७३ मध्ये रिओ ब्लांको इथे पुन्हा तीन स्फोट झाले. ऑइल शेल फोडण्यासाठीही अणुबाँब वापरायची योजना कागदावर तयार होती. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, कोलोरॅडोच्या मतदारांनी राज्यघटनेतच दुरुस्ती केली: यापुढे मतदारांच्या संमतीशिवाय असा स्फोट होणार नाही. त्या अभियंत्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. देशाला ऊर्जा हवी होती आणि साधन हाताशी होते. पण खडकात ऊर्जा आहे एवढ्या एका गोष्टीने माणसे कशी झपाटतात, आणि बाहेर काढलेली ऊर्जा वापरण्याजोगी असेल का हा साधा प्रश्न मागे कसा पडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

मग १९७३ आणि १९७९ चे तेलसंकट आले. जिमी कार्टर यांच्या काळात, १९८० मध्ये, कृत्रिम इंधनासाठी अब्जावधी डॉलरचे सरकारी महामंडळ स्थापन झाले. एक्सॉनने कोलोरॅडोतल्या पॅराशूट गावाजवळ कॉलनी प्रकल्पात उडी घेतली. तो प्रकल्प खणून भाजण्याचा होता, जमिनीखाली तापवण्याचा नव्हता, हे नमूद केले पाहिजे. पण उद्योगाचे गणित तेच. कामगारांसाठी बॅटलमेंट मेसा हे अख्खे गाव वसवायला घेतले. आसपासच्या गावांनी शाळा, रस्ते, पाणीयोजना उभारल्या, लोकांनी कर्जे काढून घरे घेतली, दुकाने टाकली. तेलाचे भाव उतरू लागले आणि २ मे १९८२ रोजी, रविवारी, एक्सॉनने प्रकल्प बंद करत असल्याचे जाहीर केले. दोन हजारांहून अधिक कामगारांची नोकरी एका दिवसात गेली. त्या भागात तो दिवस आजही काळा रविवार म्हणून ओळखला जातो. सरकारी महामंडळ १९८६ मध्ये गुंडाळले. सरकारी भावहमीच्या आधारावर चाललेला युनोकल या तेल कंपनीचा प्रकल्प १९९१ पर्यंत रेटला, पण ठरलेल्या क्षमतेइतके उत्पादन त्याला कधी जमले नाही. एक्सॉनसारखी कंपनी अब्ज डॉलरचा फटका खाऊन उभी राहते. कर्ज काढून घर घेतलेला सुतार उभा राहत नाही. सरकारने एखाद्या उद्योगावर मोहोर उमटवली की सामान्य माणूस त्यावर विश्वास ठेवून आपले आयुष्य बेततो. म्हणूनच अशी मोहोर उमटवण्यापूर्वी हिशेब पुरा झालेला असला पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

राष्ट्रीय सुरक्षेचा मुद्दा उरतो, आणि भारतासारख्या देशात बसून तो हलक्यात घेता येत नाही. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलातले ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो. वेढा पडला तर महाग तेलही तेल असते. स्वीडनने नेमके तेच केले. पण त्याच स्वीडनने युद्धानंतर परदेशी तेल मिळू लागल्यावर हा उद्योग हळूहळू आवरता घेतला. नाझी जर्मनीनेही युद्धाच्या शेवटच्या काळात व्यूर्टेमबर्गमध्ये ऑइल शेलचे दहा कारखाने उभारायला घेतले. त्यांवर छळछावण्यांतले कैदी राबवले, हजारो माणसे तिथे मेली, आणि तेल जवळजवळ मिळालेच नाही. दोन्ही उदाहरणे सांगतात की या खडकाकडे देश वळले ते दुसरा कुठलाच मार्ग उरला नाही तेव्हा. शांततेच्या काळात सुरक्षा मिळवण्याचे स्वस्त मार्ग आपल्यापुढे आहेत: तेलाचे साठे करून ठेवणे, पुरवठादार वाढवणे, रेल्वे आणि वाहने विजेवर आणणे. चाळीस वर्षांत कधीतरी उपयोगी पडेल अशा भट्टीवर तोच पैसा लावणे ही सुरक्षा नव्हे.

पाण्याबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण मराठवाडा-विदर्भातल्या वाचकाला ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पिसीयान्स खोरे कोलोरॅडो नदीच्या पाणलोटात येते. १९२२ च्या करारान्वये या नदीचे पाणी सात राज्यांत वाटलेले आहे, आणि करार करताना नदीत प्रत्यक्षात वाहते त्याहून अधिक पाणी गृहीत धरले गेले. २००० पासून दुष्काळ लागून राहिला आणि २०२२ मध्ये या नदीवरचा लेक मीड हा जलाशय भरल्यापासूनच्या नीचांकी पातळीला गेला. अमेरिकी संसदेच्या लेखापाल कार्यालयाने २०१० मध्ये अंदाज दिला होता की जमिनीखाली तापवून एक पिंप तेल काढायला एक ते बारा पिंपे पाणी लागू शकते, सरासरी पाच. हा पट्टा इतका रुंद आहे की त्यावर कोणतेही पाणीवाटप ठरवता येत नाही.

याहून कठीण प्रश्न खडकातल्या पाण्याचा आहे. तापलेल्या भागात भूजल शिरले तर उष्णता वाया जाते आणि तेल भूजलात मिसळते. म्हणून भट्टीभोवती भिंत घालायची ठरली, आणि शेल कंपनीने चाचणीसाठी दीडशेहून अधिक भोके पाडून, त्यांतल्या नळ्यांतून अतिथंड द्रव फिरवून, जमिनीतले पाणी गोठवले आणि बर्फाची भिंत उभी केली. आत ३५० अंशांची भट्टी, बाहेर शून्याखालची भिंत. दोन्हीला वीज लागते, आणि भिंत वर्षानुवर्षे अखंड राहावी लागते. तेल काढून झाल्यावर खडक सच्छिद्र होतो. पूर्वी ज्यातून पाणी झिरपत नव्हते त्यातून ते वाहू लागते आणि क्षार, आर्सेनिक, सेलेनियम यांसारखे घटक सोबत नेऊ शकते. तो खडक अनेकदा पाण्याने धुऊन काढावा, मगच भिंत वितळू द्यावी, असा आराखडा होता. छोट्या प्रयोगात हे जमू शकते. शेकडो चौरस किलोमीटरवर, कंपनी विकली गेल्यावर, भाव पडल्यावर, ती भिंत कोण सांभाळणार? खाणीचा खड्डा डोळ्यांना दिसतो तरी. भूजलाचे नुकसान दिसेपर्यंत ते करणारा निघून गेलेला असतो.

इस्रायलमध्ये हाच प्रश्न नियोजनाच्या पातळीवरच विचारला गेला. शेल कंपनीतले माजी मुख्य शास्त्रज्ञ हॅरोल्ड विनेगर यांच्या नेतृत्वाखाली एका कंपनीने शफेला खोऱ्यात असाच प्रायोगिक प्रकल्प मांडला होता. देश तेलासाठी परावलंबी, शेजार शत्रुत्वाचा, शास्त्रज्ञ या क्षेत्रातला सर्वांत जाणता. तरीही सप्टेंबर २०१४ मध्ये जेरुसलेम जिल्ह्याच्या नियोजन समितीने प्रस्ताव फेटाळला. समर्थक याला विज्ञानविरोध म्हणतात. मला तो सार्वजनिक संस्थेचा समंजस निर्णय वाटतो, कारण तेल निघेल का याच्या पलीकडे जाऊन ते कुठे आणि कोणाच्या जमिनीखालून निघेल हे समितीने पाहिले.

आपल्याकडे ग्रीन रिव्हरसारखे प्रचंड ऑइल शेल नाही, म्हणून हा वाद परका वाटू शकतो. पण जमिनीखालच्या भट्टीचे एक भावंड भारतात दाखल झाले आहे. कोळसा न खणता, थरातच हवा किंवा प्राणवायू सोडून तो अर्धवट जाळायचा आणि तयार होणारा ज्वलनशील वायू वर घ्यायचा, असे ते तंत्र. झारखंडमधल्या जामताडा जिल्ह्यातल्या कास्ता कोळसा क्षेत्रात ईस्टर्न कोलफिल्ड्सने २०२४ मध्ये त्याचा देशातला पहिला प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. केरोजेन आणि कोळसा वेगळे, तापक आणि ज्वाला वेगळ्या, हे मला मान्य आहे. प्रयोगाला माझा विरोधही नाही; फार खोल असलेला कोळसा वापरायचा दुसरा मार्ग आहे का, हे पडताळून पाहायला हरकत नाही. पण भूजलाचा, दाबाचा आणि नंतरच्या जबाबदारीचा प्रश्न दोन्हीकडे अगदी एक आहे.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या चिंचिला इथे लिंक एनर्जी या कंपनीने हेच कोळशाचे तंत्र अनेक वर्षे चालवले. वायू खडकातल्या भेगांतून बाहेर पसरला. आसपासच्या तीनशेहून अधिक चौरस किलोमीटर शेतजमिनीत खोल खणण्यावर सरकारला निर्बंध घालावे लागले. २०१६ मध्ये राज्याने या तंत्रावर बंदी जाहीर केली. २०१८ मध्ये न्यायालयाने कंपनीला गंभीर पर्यावरणहानीबद्दल दोषी ठरवून ४५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. पण कंपनी २०१६ मध्येच दिवाळखोरीत निघाली होती. दंड भरायला, जमीन साफ करायला मागे कोणी उरले नव्हते. तो भार जनतेवर पडला.

म्हणून जामताड्यातला प्रयोग प्रायोगिक टप्प्यातून व्यापारी टप्प्यात नेण्याआधी तीन गोष्टी लोकांसमोर याव्यात. प्रकल्पापूर्वीच्या भूजलाच्या चाचण्यांचे आकडे, विहीरवार, हिंदी, बंगाली आणि संथालीत गावांना मिळावेत. भट्टी विझल्यानंतर किमान दोन दशके देखरेख करणाऱ्या विहिरी कोण चालवणार हे करारात नावानिशी असावे. आणि साफसफाईची पूर्ण रक्कम, पहिले भोक पाडण्यापूर्वी, अशा खात्यात जमा असावी ज्याला कंपनी बुडाली तरी तिचे धनको हात लावू शकणार नाहीत.